एका ‘अ’ची किंमत : धंद्याच्या इंग्रजीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ कुठे सांभाळायचे आणि कुठे सोडून द्यायचे



मागे सुप्याला आपली एक बॅच झाली. बॅच संपल्यावर श्रीगोंदा तालुक्यातला एक मुलगा थांबला. शेतीपंपाचे स्टार्टर आणि पॅनेल विकतो, वायरिंगची कामंही घेतो. त्याने फोल्डरमधून एक पत्र काढलं आणि म्हणाला, "सर, ह्यात मला जिल्ह्याची डीलरशिप दिलीय का नाही, तेवढं सांगा."

पत्रात एकच कामाचं वाक्य होतं. "यू आर अपॉइंटेड ॲज अ डीलर फॉर अहिल्यानगर डिस्ट्रिक्ट."

ह्या वाक्यावर त्याने डिपॉझिट भरलं होतं, रस्त्याकडेला गाळा घेतला होता, बोर्ड रंगवला होता. चार महिन्यांनी त्याच कंपनीचा दुसरा डीलर त्याच रस्त्यावर उभा राहिला. ह्याने फोन केला, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "तुम्हाला जिल्ह्यासाठी डीलर नेमलं आहे. जिल्ह्याचे एकमेव डीलर असं आम्ही कुठे लिहिलंय?"

खरंच लिहिलं नव्हतं. ‘अ डीलर’ म्हणजे अनेकांतला एक डीलर. मराठीत ‘एक’ आणि ‘एकमेव’ ह्यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच अंतर ह्या एका अक्षरात होतं. पोरगा हुशार होता, हिशोबाला पक्का होता. पण ते अक्षर त्याने वाचलंच नव्हतं. आपण बहुतेक जण ते वाचत नाही.

म्हणून आज इंग्रजीतल्या ह्या तीन शब्दांवर लिहितोय. शाळेत ह्यांना आर्टिकल्स म्हणत. ‘अ’ला काही जण ‘ए’ म्हणतात, चालतं.

आधी माझं मत, मग बाकीचं

मला रोज विचारलं जातं, "सर, इंग्रजी कच्चं आहे, आधी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का मग धंदा सुरू करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. क्लाससाठी धंदा थांबवू नका. ‘द’ राहून गेला म्हणून कुणी ऑर्डर रद्द केल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. तुमचा पापड खुसखुशीत आहे, माल वेळेवर पोचतो, फोन उचलता, एवढ्यावर गिऱ्हाईक टिकतं.

पण ह्याची दुसरी बाजूही आहे. "इंग्रजीचं काय एवढं, समजून घेतात लोक" असं म्हणून करारपत्र, कोटेशन आणि बँकेचा प्रोजेक्ट रिपोर्ट न वाचता सही करणं हा तेवढाच मोठा मूर्खपणा आहे. समोरच्याला तुमचा अर्थ समजून घ्यायचाच नसेल, तर तो कागदावरचं अक्षर दाखवतो.

तेव्हा सगळं व्याकरण शिकायची गरज नाही. जिथे ह्या शब्दांमुळे पैसे, माणसं किंवा हक्क ह्यांचा आकडा बदलतो, तेवढी ठिकाणं पाठ करा. बाकी ठिकाणी चुकलात तर चुकलात.

मराठीत हे आपल्याला येतंच

लोक म्हणतात मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याला जमत नाही. मला हे अर्धंच पटतं. लहानपणीची गोष्ट आठवा. "एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." पहिल्यांदा ‘एक राजा’, दुसऱ्यांदा ‘त्या राजाला’. दुसऱ्या वाक्यात परत "एका राजाला दोन राण्या होत्या" म्हटलं, तर पोरगं लगेच विचारेल, हा दुसरा राजा कुठून आला?

इंग्रजीतही हेच चालतं. पहिल्यांदा ओळख करून देताना ‘अ’. ओळख झाली की ‘द’. ‘अ’ म्हणजे कुठला तरी एक. ‘द’ म्हणजे तो, आपल्या दोघांनाही माहीत असलेला.

कोटेशनमध्ये बघा. वर तुम्ही मोटरची कंपनी, एचपी, सगळं लिहिलंत आणि खाली लिहिलंत, "द प्राइस इन्क्लुड्स द मोटर." म्हणजे वर लिहिलेलीच मोटर. तिथे "अ मोटर" लिहिलंत, तर एक मोटर मिळेल, कुठली ते नक्की नाही. तुम्ही माल विकत घेत असाल, तर हा फरक तुमच्या खिशातून जाणार आहे.

जे एकच आहे, त्यालाही ‘द’. जिल्ह्यात कलेक्टर एकच, म्हणून ‘द कलेक्टर’. जिल्हा उद्योग केंद्र एकच, म्हणून ‘द डीआयसी’. गावात ग्रामपंचायत एकच, म्हणून ‘द ग्रामपंचायत’.

‘अ’ का ‘ॲन’? आपली देवनागरी वापरा

हा भाग लिहून ठेवा, कारण इथे आपण इंग्रजी माध्यमवाल्यांच्या पुढे आहोत.

शाळेत शिकवलं, ए, ई, आय, ओ, यू ह्या पाच अक्षरांआधी ‘ॲन’. इथेच सगळा घोळ झाला. नियम अक्षराचा नाहीच, तो उच्चाराचा आहे. आणि उच्चार लिहायला देवनागरीसारखी लिपी आपल्या हातात आहे. शब्द जसा बोलता तसा देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल, म्हणजे अ, आ, इ, उ, ए, ऑ वगैरे, तर ‘ॲन’. पहिलं अक्षर व्यंजन असेल तर ‘अ’.

आपल्या रोजच्या कागदांवर लावून बघू.

एमआयडीसी हा शब्द ‘ए’ने सुरू होतो. म्हणून ‘ॲन एमआयडीसी प्लॉट’. तसंच ॲन एमएसएमई, ॲन एनओसी, ॲन एफएसएसएआय लायसन्स, ॲन ईएमआय, ॲन ओटीपी, ॲन ई-वे बिल, ॲन आयएसओ सर्टिफिकेट, ॲन एलएलपी. बचत गटाला इंग्रजीत एसएचजी म्हणतात, शेतकरी उत्पादक कंपनीला एफपीसी. ॲन एसएचजी, ॲन एफपीसी.

यूपीआय ‘य’ने सुरू होतो. म्हणून ‘अ यूपीआय पेमेंट’. तसंच अ युनिट, अ युरोपियन बायर. आणि हे जीएसटी, पॅन, क्यूआर, पीएमईजीपी तर उघडच व्यंजनाचे, सगळ्यांना ‘अ’.

आता गंमत बघा. यूपीआय आणि उद्यम, इंग्रजीत दोन्हींचं पहिलं अक्षर एकच. पण उद्यम ‘उ’ने सुरू होतो. म्हणून ‘अ यूपीआय पेमेंट’, पण ‘ॲन उद्यम सर्टिफिकेट’. इंग्रजी अक्षर बघणारा इथे फसतो, देवनागरीत लिहिणारा फसत नाही.

एखादं लघुरूप अक्षरं सुटी करून म्हणता का पूर्ण शब्द म्हणून, तेही बघा. नाबार्ड आपण शब्द म्हणून बोलतो, म्हणून ‘अ नाबार्ड स्कीम’. एनएबीएल सुटी अक्षरं, म्हणून ‘ॲन एनएबीएल लॅब’. मुद्रा शब्द आहे, ‘अ मुद्रा लोन’.

आकड्यांनाही हीच युक्ती. आठ म्हणजे एट, अकरा म्हणजे इलेव्हन, अठरा म्हणजे एटीन. म्हणून ८ टक्के सवलत असेल तर ‘ॲन’, १० टक्के असेल तर ‘अ’. ११ केव्हीची लाइन ‘ॲन इलेव्हन केव्ही लाइन’. एक वर्षाची वॉरंटी ‘अ वन इयर वॉरंटी’, कारण ‘वन’मध्ये ‘व’ आहे. तास म्हणजे अवर, ‘ह’ बोलतच नाहीत, म्हणून ‘ॲन अवर’. प्रामाणिक म्हणजे ऑनेस्ट, ‘ॲन ऑनेस्ट ऑफर’. हर्बल साबण करणाऱ्या ताईंनो, आपल्याकडे ‘हर्बल’ म्हणतात, म्हणून ‘अ हर्बल सोप’. अमेरिकेत त्यालाच ‘अर्बल’ म्हणतात आणि ‘ॲन’ लावतात. तिकडून मेल आला तर ती चूक समजू नका.

मधे विशेषण आलं तर त्याचं पहिलं अक्षर बघायचं. ‘ॲन ऑर्डर’, पण ‘अ बिग ऑर्डर’. ‘अ डीलर’, पण ‘ॲन ऑथोराइज्ड डीलर’.

ह्या युक्तीत एक खड्डा आहे, तो सांगतो. वर्षाला आपण मराठीत ‘इयर’ लिहितो, पण मूळ उच्चार ‘यिअर’ असा आहे. म्हणून ‘अ इयर’. ‘ॲन इअर’ म्हणालात तर त्याचा अर्थ कान होतो.

फोनवर आणि व्हिडिओत बोलायचं असेल, तर ‘द’लाही हाच नियम आहे. स्वराआधी ‘दी’, व्यंजनाआधी ‘द’. दी ऑर्डर, दी इनव्हॉइस, द पेमेंट, द यूपीआय. एवढं जमलं तरी बोलणं निम्मं सुधारतं.

जिथे चुकलं की पैसे जातात

आता महत्त्वाची ठिकाणं. ह्यातलं प्रत्येक तुमच्या एखाद्या कागदावर येणार आहे.

पहिलं, ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’. "वुई हॅव अ फ्यू कस्टमर्स" म्हणजे आमच्याकडे थोडेफार ग्राहक आहेत. "वुई हॅव फ्यू कस्टमर्स" म्हणजे आमच्याकडे फारसे ग्राहकच नाहीत. बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘अ’ गाळला, तर तुम्ही स्वतःच लिहून दिलंत की धंदा चालत नाही. उलट तक्रारींबद्दल लिहिताना ‘अ’ नकोच. "वुई हॅव फ्यू कम्प्लेंट्स" म्हणजे तक्रारी जवळजवळ नाहीत. तिथे ‘अ फ्यू’ लिहिलंत तर काही तक्रारी आहेत, असं कबूल केलंत. ‘लिटल’चं तसंच. "लिटल रिस्क" म्हणजे धोका नगण्य. "अ लिटल रिस्क" म्हणजे थोडा धोका आहे.

दुसरं, माणसांची संख्या. "द मॅनेजर अँड अकाउंटंट" म्हणजे दोन्ही कामं करणारा एकच माणूस. "द मॅनेजर अँड द अकाउंटंट" म्हणजे दोन माणसं. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पगाराच्या तक्त्यात दोन पगार दाखवले आणि वर वाक्यात एकच माणूस लिहिला, की तपासणारा साहेब तिथेच पेन ठेवतो. बचत गटाच्या ताईंनो, तुमच्याकडे सचिव आणि खजिनदार वेगवेगळ्या असतील तर दोन्हींच्या आधी ‘द’ लावा.

तिसरं, ‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’. "अ नंबर ऑफ ऑर्डर्स आर पेंडिंग" म्हणजे बऱ्याच ऑर्डरी अडकल्यात. "द नंबर ऑफ पेंडिंग ऑर्डर्स इज फोर" म्हणजे अडकलेल्या ऑर्डरींची संख्या चार आहे. चारच असतील तर ‘अ नंबर ऑफ’ लिहून उगाच समोरच्याला घाबरवू नका.

चौथं, भाव. इथे ‘अ’चा अर्थ ‘दर’ असा होतो. चाळीस रुपये किलो म्हणजे "फॉर्टी रुपीज अ किलो". ‘पर किलो’ म्हणा किंवा ‘अ किलो’ म्हणा. ‘पर अ किलो’ असं दोन्ही एकत्र नको. आठवड्यातून दोनदा डिलिव्हरी "ट्वाइस अ वीक". पण किलोवर विकतो, डझनावर विकतो, हे सांगताना ‘द’ येतो. "बाय द किलो", "बाय द डझन".

पाचवं, ‘इन चार्ज’. "माय ब्रदर इज इन चार्ज ऑफ द शॉप" म्हणजे दुकान भाऊ सांभाळतो. "द शॉप इज इन द चार्ज ऑफ माय ब्रदर" म्हणजे दुकान भावाच्या ताब्यात आहे. दोन्ही बरोबर. पण "माय ब्रदर इज इन द चार्ज ऑफ द मॅनेजर" लिहिलंत, तर मॅनेजर भावाला सांभाळतो असं होतं. एका ‘द’ने मालकाचा भाऊ नोकराच्या हाताखाली गेला.

सहावं, सुरुवातीला सांगितलेली डीलरशिप. ‘अ डीलर’ म्हणजे अनेकांतला एक. ‘द डीलर’ म्हटलं तर तोच, ठरलेला एक, असा सूर येतो. पण माझं ऐका, हक्काच्या बाबतीत नुसत्या ‘द’च्या भरवशावर राहू नका. ‘द सोल डीलर’ असं लिहून घ्या. आणि त्याखाली सरळ वाक्य घाला, की कराराच्या मुदतीत ह्या भागात दुसरा डीलर नेमला जाणार नाही, आणि कंपनी स्वतःही इथे थेट विकणार नाही. मग वकिलाला दाखवा. वकिलाची फी गाळ्याच्या डिपॉझिटपेक्षा नक्की कमी असते.

नावांआधी ‘द’ : आपल्याच किल्ल्यातलं उदाहरण

नावांच्या बाबतीत लोक फार गोंधळतात. आपल्याच शहरातलं उदाहरण घेऊ. १९४२च्या चळवळीत पंडित नेहरूंना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवलं होतं. तिथे १९४४ साली त्यांनी एक पुस्तक लिहिलं, ते १९४६ साली छापून आलं. नाव, ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’. त्याआधी १९३६ साली त्यांचं आत्मचरित्र आलं होतं. त्याचं नाव, ‘ॲन ऑटोबायोग्राफी’.

एकाच लेखकाची दोन पुस्तकं, एकात ‘द’, एकात ‘ॲन’. आत्मचरित्रं जगात ढिगाने आहेत, त्यातलं हे एक, म्हणून ‘ॲन’. आणि शोध कुठला? भारताचा. पुढे ‘ऑफ इंडिया’ आलं आणि शोध नक्की झाला, म्हणून मागे ‘द’.

ही ‘ऑफ’ची खूण धरून ठेवा. ‘अहिल्यानगर डिस्ट्रिक्ट’ म्हणाल तर काही नको. ‘द डिस्ट्रिक्ट ऑफ अहिल्यानगर’ म्हणाल तर ‘द’ हवा. ‘सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी’ला काही नको, ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ला हवा. नुसत्या गावाला कधीच नाही. शिर्डी, संगमनेर, राहुरी, जामखेड, सगळी मोकळी.

देशांचं काय? डाळिंब, कांदा बाहेर पाठवायचं स्वप्न असणाऱ्यांनी हे बघा. इंडिया, ओमान, जर्मनी, श्रीलंका ह्यांना काही लागत नाही. पण ज्या नावात राज्यं, अमिराती, किंगडम असा शब्द आहे किंवा नाव अनेकवचनी आहे, तिथे ‘द’. द यूएई, द यूके, द यूएसए, द नेदरलँड्स, द मालदीव्ज. दुबई शहर आहे, त्याला नको. "वुई एक्स्पोर्ट टू दुबई", पण "वुई एक्स्पोर्ट टू द यूएई".

अकोल्याकडे होमस्टे चालवणाऱ्यांसाठी. काजव्यांच्या दिवसांत तुमच्या जाहिराती मी आवर्जून वाचतो. नदीला ‘द’ लागतो, डोंगररांगेला लागतो, एकट्या शिखराला लागत नाही. "ऑन द बँक्स ऑफ द प्रवरा", "इन द सह्याद्रीज", पण "अ व्ह्यू ऑफ कळसूबाई". आणि ‘सर्वांत’ असा अर्थ आला की ‘द’ हवाच. १,६४६ मीटरचं कळसूबाई म्हणजे "द हायएस्ट पीक इन महाराष्ट्र". प्रदेशांची नावं मात्र जशी रूढ झाली तशी. इंग्रजीत ‘द डेक्कन’, ‘द कोकण’ म्हणतात, विदर्भ आणि मराठवाड्याला काही लावत नाहीत.

संस्थांच्या नावांत डोकं लावू नका, त्यांच्या बोर्डावर आहे तसं लिहा. आपल्याकडे सहकारी बँकांच्या आणि सोसायट्यांच्या पाट्यांवर सुरुवातीला ‘दि’ असतो, तो हाच ‘द’. दि महाराष्ट्र स्टेट को-ऑपरेटिव्ह बँक, हे नावच तसं आहे. उलट बँक ऑफ महाराष्ट्र स्वतःच्या नावाआधी ‘द’ लावत नाही, ‘ऑफ’ असूनसुद्धा. पासबुकावर जे छापलंय तेच चेकवर आणि आरटीजीएसच्या फॉर्मवर लिहायचं.

तुमच्या स्वतःच्या दुकानाचं नाव ‘द’ने सुरू करायची आज फॅशन आहे. द मिसळ कट्टा, द चहा पॉइंट. माझी हरकत नाही. फक्त एकदाच ठरवा. बोर्डावर ‘द’ आहे, जीएसटीत नाही, बँक खात्यात ‘दि’ आहे, असं तीन ठिकाणी तीन तऱ्हा करून ठेवू नका.

माणसाच्या नावाआधी सहसा काही नसतं. पण "अ मिस्टर पाटील कॉल्ड" म्हटलं तर अर्थ होतो, कुणी एक पाटील म्हणून होते, त्यांचा फोन आला होता, मी ओळखत नाही. निरोप देताना हे कामाला येतं. पण ज्या साहेबांना तुम्ही चार वेळा भेटलात, त्यांच्याबद्दल त्यांच्याच ऑफिसला "अ मिस्टर पाटील" लिहिलंत, तर साहेबांना राग येईल.

जिथे काहीच लावायचं नाही

जे मोजत नाही, त्याला ‘अ’ नाही. मशिनरी, इक्विपमेंट, फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, हे शब्द मोजायचे नसतात. ‘अ मशिनरी’ नको, ‘अ मशीन’ म्हणा. ‘ॲन इक्विपमेंट’ नको, ‘अ पीस ऑफ इक्विपमेंट’ म्हणा. कर्जाच्या कागदात मशिनची संख्या लिहायची असते, म्हणून ‘मशीन’ हाच शब्द सोयीचा.

सगळ्या जातीबद्दल बोलताना ‘द’ नाही. "वुई ग्रो ओनियन्स." पण सोमवारी पाठवलेल्या कांद्याबद्दल बोलताना "द ओनियन्स वुई सेंट ऑन मंडे".

काही जोड्या तशाच पाठ करा. बाय कुरियर, बाय चेक, इन कॅश, ऑन क्रेडिट, इन स्टॉक, इन ॲडव्हान्स, ह्यांत काही नाही. ॲट अ लॉस, ॲट अ प्रॉफिट, ॲट अ डिस्काउंट, ह्यांत ‘अ’ आहे. आणि "आऊट ऑफ द क्वेश्चन" म्हणजे शक्यच नाही.

बिलातल्या ओळी, रेट कार्ड, तक्ते, पाट्या, ह्यांतून इंग्रज लोकसुद्धा आर्टिकल काढून टाकतात. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर कायद्याने लागणारी माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते, मराठी सोबत देता येते. म्हणून पारनेरच्या कुरडईच्या पाकिटावरही इंग्रजी येतंच. तिथे घटकांच्या यादीत, वजनात, तारखेत कुठेही ‘अ’ किंवा ‘द’ नको. पूर्ण वाक्य आलं तरच लावा. "स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस." बस.

"पण सर, मोबाइल करून देतो ना?"

देतो. मीही वापरतो. मराठीत बोला, इंग्रजीत मेल तयार. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही बोललात, "आम्हाला जिल्ह्यासाठी डीलर म्हणून नेमावं." ह्या वाक्यात एकमेव की अनेकांतला एक, हे तुम्हीच सांगितलेलं नाही. मग मोबाइल अंदाजाने ‘अ’ टाकणार. "मोटर सोबत येईल" म्हणालात, तर कुठली मोटर हे त्याला कसं कळणार?

म्हणजे ‘अ’ आणि ‘द’ची चूक बऱ्याचदा इंग्रजीत होत नाही, ती त्याआधीच आपल्या मराठी वाक्यात झालेली असते. आपण बोलतानाच मोघम बोलतो. "बघू, देऊ, करू, पाठवतो." गावात हे चालून जातं, कारण समोरचा आपल्याला ओळखतो. कागदाला आपली ओळख नसते. म्हणून आधी मराठीत नीट बोला. "जिल्ह्यासाठी एकमेव डीलर." "वर लिहिलेलीच मोटर." "दोन माणसं, एक मॅनेजर आणि एक अकाउंटंट." मराठी वाक्य असं घट्ट केलंत, की इंग्रजी मोबाइलने केलं काय, भाचीने केलं काय, चुकायला जागा फार कमी राहते. तरी आलेलं इंग्रजी सही करायच्या आधी एकदा फक्त ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ शोधत वाचा. पाच मिनिटं लागतात.

त्या श्रीगोंद्याच्या मुलासोबत मी बसलो. झालेलं पत्र बदलता येणार नव्हतं, कंपनीची बाजू कागदावर बरोबर होती. आम्ही नवं पत्र लिहिलं. पूर्ण जिल्हा सोडला. श्रीगोंदा आणि कर्जत हे दोन तालुके मागितले, पण ‘द सोल डीलर’ म्हणून, आणि दुसरा डीलर न नेमण्याच्या वाक्यासकट. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत केलं. उत्तर अजून यायचंय. गाळा मात्र त्याने सोडलेला नाही. रात्री-अपरात्री स्टार्टर जळाला की शेतकरी अजून त्यालाच फोन करतात.

आज एक काम करा. तुमच्याकडचं एक इंग्रजी पत्र काढा, डीलरशिपचं, भाड्याचं, कर्जाचं, कुठलंही. लाल पेनने प्रत्येक ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ला गोल करा. प्रत्येक गोलापाशी मराठीत लिहा, ‘कुठला तरी एक’ की ‘तोच’. जिथे उत्तर तुम्हाला हवं तसं येत नाही, तिथे सही करायच्या आधी विचारा. सही झाली असेल तरी विचारा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कोटेशन कसं लिहायचं ते तिथे कागदावर करून दाखवतो.